नेकारकांठचें हायडेलबर्ग

एखाद्या नगराचें वैभव पाहावयास दूरदूरचे प्रवासी यावे, हें स्वाभाविकच आहे. परंतु एखाद्या नगराचें भंगलेलें वैभव पाहावयास पिढ्यान्‌पिढ्या लोक येत राहावे, आणि तें वैभव पुन्हां जसेंच्या तसें उभारूं नये म्हणून विद्वानांनीं लेखण्या झिजवाव्या, हा प्रकार विरळाच म्हणावयाचा. जर्मनीच्या नैर्ऋत्य भागांत नेकार नदीच्या कांठीं वसलेलें हायडेलबर्ग हें अशा विरळ नगरांपैकीं एक होय. डोंगराच्या उतारावर तांबड्या दगडाचा एक अवाढव्य राजवाडा उभा आहे. त्याच्या कित्येक महालांवर छप्पर नाहीं, खिडक्यांच्या चौकटींतून पलीकडचें आकाश दिसतें, आणि एका बुरुजाचा मोठा भाग तुटून खंदकांत कोसळलेला आहे. त्याच्या पायथ्याशीं दाट वस्तीचें जुनें शहर, शहरांत सहाशें वर्षांहून जुनें विद्यापीठ, आणि शहराला लागून वाहणाऱ्या नदीवर एक दगडी पूल. किल्ला, विद्यापीठ आणि पूल या तीन वस्तूंमध्यें या नगराचा बहुतेक सारा इतिहास सांठविलेला आहे. त्या इतिहासाची रूपरेषा वाचकांपुढें मांडावी, आणि ती मांडतां मांडतां, जें एकदां मोडलें त्याच्याशीं पुढील पिढ्यांनीं कसें वागावें या प्रश्नाचाहि थोडा विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम भूगोलाकडे वळूं. ‘काळें अरण्य’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या डोंगराळ प्रदेशाच्या पूर्वेस, श्वेनिंगेन गांवाजवळ नेकार उगम पावते, आणि सुमारें ३६० किलोमीटरांचा वळणावळणाचा प्रवास करून मानहाइम येथें ऱ्हाईन नदीस मिळते. या प्रवासाच्या शेवटच्या टप्प्यांत ती ओडेनवाल्ड नांवाच्या वनाच्छादित डोंगरांना कापीत अरुंद खोऱ्यांतून वाहते. हें खोरें जेथें संपतें आणि ऱ्हाईनचें सपाट व विस्तीर्ण मैदान जेथें सुरू होतें, नेमक्या त्या उंबरठ्यावर हायडेलबर्ग वसलें आहे. दक्षिणेस ५६८ मीटर उंचीचा केनिग्स्टूल, म्हणजे ‘राजासन’, आणि उत्तरेस ४४० मीटर उंचीचा हायलिगेनबर्ग, म्हणजे ‘पवित्र गिरि’, असे दोन पर्वत द्वारपालांसारखे उभे आहेत. दक्षिणेचा पर्वत आणि नदी यांच्यामध्यें जी चिंचोळी पट्टी उरते तिच्यांत जुनें शहर कसेंबसें मावलें आहे; म्हणून तें रुंदीनें थोडकें आणि लांबीनें फार. त्याचा मुख्य रस्ता नदीला समांतर असा दीड किलोमीटरांहून अधिक लांब जातो, आणि त्याला फुटणाऱ्या आडव्या गल्ल्या एकीकडे पाण्यांत व दुसरीकडे डोंगरांत संपतात.

या भूरचनेचें मूळ फार जुनें आहे. ऱ्हाईनचें मैदान म्हणजे भूकवचाला पडलेली एक प्रचंड खचदरी होय. मधला भाग खचला आणि दोहों बाजूंच्या कडा वर उचलल्या गेल्या. त्या उचललेल्या पूर्व कडेवर हे पर्वत उभे आहेत. त्यांचा वरचा थर सुमारें पंचवीस कोटि वर्षांपूर्वींच्या तांबड्या वालुकाश्माचा असून, राजवाड्याच्या खंदकांत त्याहून जुना, तीस कोटि वर्षांपलीकडचा ग्रॅनाइट उघडा पडलेला दिसतो. राजवाडा, देवळें आणि पूल या सर्वांना जो एकच तांबूस रंग आहे तो या स्थानिक दगडाचा. हें नगर डोंगरानेंच आपल्या अंगच्या मातीचें घडविलें असावें, असें जें पाहणाराला वाटतें त्याचें कारण हेंच. येथील हवाहि जर्मनीच्या मानानें सौम्य आहे. डोंगराच्या पश्चिम उतारावर द्राक्षांचे मळे आहेत, आणि वसंताच्या आरंभींच बदामाचीं झाडें फुलतात.

खोऱ्याच्या मुखाशीं बसलेल्या या जागेचें महत्त्व माणसानें फार लवकर ओळखलें. शहराच्या आग्नेयेस माउअर नांवाचें खेडें आहे. तेथील वाळूच्या खाणींत १९०७ सालीं एक मानवी जबडा सांपडला. त्याचें वय सुमारें सहा लक्ष वर्षें ठरलें आहे, आणि त्या प्राचीन मानवजातीला शास्त्रज्ञांनीं हायडेलबर्गचेंच नांव दिलें. पुढें हायलिगेनबर्गावर केल्ट लोकांनीं दुहेरी तटबंदी उभारली. रोमन लोकांनीं उत्तर कांठावर छावणी घातली व नदीवर पूल बांधला. रोमन सत्ता लयास गेल्यावर त्याच पर्वताच्या माथ्यावर ख्रिस्ती मठ आले. ज्याला आपण आज हायडेलबर्ग म्हणतों त्या गांवाचा पहिला लेखी उल्लेख मात्र ११९६ सालचा आहे.

या गांवाचें नशीब उघडलें तें पॅलाटाइन काउंटांमुळें. हे मूळचे सम्राटाच्या राजवाड्याचे अधिकारी. क्रमाक्रमानें ते स्वतंत्र राजे बनले, आणि १३५६ च्या ‘सुवर्णमुद्रांकित’ राजशासनानें सम्राटाची निवड करणाऱ्या सात निर्वाचकांमध्यें त्यांचें स्थान कायमचें ठरलें. १२१४ मध्यें हें पद विटेल्सबाख घराण्याकडे आलें व सहा शतकें त्याच्याकडेच राहिलें. डोंगराच्या मधल्या सोंडेवर, नदीपासून सुमारें ऐंशी मीटर उंचीवर त्यांनीं आपला किल्ला बांधला. खोऱ्यांतून खालीं येणारें लांकूड, द्राक्षासव आणि धान्य या सर्वांवर त्याची नजर होती, आणि पूल ओलांडणाराला त्याच्या पायथ्याखालूनच जावें लागे.

अशा लष्करी ठाण्याला विद्येचें माहेर बनविण्याचें श्रेय निर्वाचक पहिला रूप्रेख्ट याला आहे. त्या वेळीं ख्रिस्ती जगांत दोन पोप झाले होते, एक रोममध्यें आणि एक आव्हिन्यों येथें. फ्रान्स दुसऱ्याच्या पक्षाचा असल्यामुळें रोमच्या पोपला मानणाऱ्या जर्मन पंडितांना पॅरिसच्या विद्यापीठांत राहणें अवघड झालें. रूप्रेख्टनें ही संधि साधली, आणि १३८६ सालीं पॅरिसच्या धर्तीवर हायडेलबर्गचें विद्यापीठ स्थापन केलें. पॅरिसहून आलेला मार्सिलियस हा त्याचा पहिला कुलगुरु. आजच्या जर्मनीच्या सीमेंत जीं विद्यापीठें आहेत त्यांत हें सर्वांत जुनें होय. दुसऱ्याच्या घरीं भांडण झालें असतां तेथून निघालेल्या गुणी माणसांना आसरा द्यावा, या धोरणाचें फळ किती काळ टिकतें याचें हें ठळक उदाहरण आहे. याच धोरणाचा विसर पडला तेव्हां काय झालें, तें पुढें येईलच.

सोळावें शतक हा या नगराचा भाग्यकाल. १५१८ च्या एप्रिलमध्यें मार्टिन ल्यूथरनें येथें आपल्या मतांचें जाहीर प्रतिपादन केलें. निर्वाचक ओटहाइनरिख यानें १५५६ नंतर राज्यांत नवा धर्मपंथ रूढ केला, ग्रंथसंग्रह वाढविला, आणि राजवाड्याला तो प्रसिद्ध महाल जोडला, ज्याच्या दर्शनी भिंतीवर बायबलांतील वीर आणि रोमन देवता शेजारीं शेजारीं उभ्या आहेत. त्याच्या पाठीमागून आलेल्या तिसऱ्या फ्रेडरिकच्या कारकीर्दींत, १५६३ मध्यें, येथें जी धर्मप्रश्नोत्तरावलि तयार झाली ती कॅल्व्हिनपंथी ख्रिस्ती लोकांत आजहि प्रमाण मानतात. पवित्रात्म्याच्या मंदिरांतील माळ्यांवर ठेवलेला ‘पॅलाटाइन ग्रंथसंग्रह’ साऱ्या युरोपांत नांवाजला होता.

आणि नेमक्या याच भरभराटीच्या शिखरावरून घसरण सुरू झाली. पांचवा फ्रेडरिक हा तरुण निर्वाचक १६१३ सालीं इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याची कन्या एलिझाबेथ हिच्याशीं विवाहबद्ध झाला. तिच्या प्रीत्यर्थ त्यानें राजवाड्यांत नवें द्वार उभें केलें आणि सालोमों द को या स्थापत्यविशारदाकडून डोंगर फोडून पायऱ्यापायऱ्यांचें एक अद्भुत उद्यान करविण्यास घेतलें. तें उद्यान पुरें झालें नाहीं. बोहीमियांतील प्रॉटेस्टंट सरदारांनीं सम्राटाविरुद्ध बंड करून फ्रेडरिकला आपला मुकुट देऊं केला, आणि त्यानें तो स्वीकारला. १६१९ च्या नोव्हेंबरांत प्राग येथें त्याला राज्याभिषेक झाला. १६२० च्या नोव्हेंबरांत प्रागजवळच्या ‘श्वेतगिरी’च्या लढाईंत त्याचें सैन्य उधळलें गेलें. एका हिवाळ्यापुरता राजा म्हणून ‘हिवाळी राजा’ हें उपहासाचें नांव तेवढें त्याच्या वांट्यास आलें. ज्या तीस वर्षांच्या युद्धानें जर्मनी उजाड केली त्याचा आरंभ असा या घराण्याच्या महत्त्वाकांक्षेशीं जोडलेला आहे.

१६२२ च्या सप्टेंबरांत कॅथॉलिक संघाचा सेनापति टिली यानें हायडेलबर्ग जिंकलें. जेत्या पक्षाचा प्रमुख बव्हेरियाचा माक्सिमिलिअन यानें पॅलाटाइन ग्रंथसंग्रह पोपला नजर केला. १६२३ सालीं सुमारें साडेतीन हजार हस्तलिखितें आणि हजारों छापील ग्रंथ पेट्यांत भरले गेले आणि खेचरांच्या पाठीवरून आल्प्स पर्वत ओलांडून रोमला पोंचले. किल्ले पडतात व पुन्हां बांधले जातात. पण ज्या विद्यापीठाचे ग्रंथच गेले त्यानें शिकवावें काय? ज्या घटनेनें नगराचें तेज हरपलें, ती तोफांच्या माऱ्यापेक्षांहि ही होय, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

परागंदा झालेल्या या राजदंपतीची एक कथा आपल्या देशाच्या इतिहासाशींहि येऊन मिळते. एलिझाबेथची कन्या सोफिया हिचा पुत्र जॉर्ज हा १७१४ सालीं इंग्लंडच्या गादीवर बसला. हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जिच्या नांवानें आपल्याकडे द्वाही फिरली ती व्हिक्टोरिया राणी याच वंशांतली. बोहीमियाचा मुकुट ज्याच्या हातांत जेमतेम एक वर्षच टिकला, त्याच्या वंशजांनीं अर्ध्या पृथ्वीवर राज्य करावें, हा दैवाचा खेळ विलक्षणच म्हटला पाहिजे.

१६४८ च्या तहानें हिवाळी राजाच्या मुलाला, कार्ल लुडविगला, वडिलांचें राज्य अंशतः परत मिळालें. हा राजा व्यवहारदक्ष होता. त्यानें ओसाड खेड्यांत निरनिराळ्या देशांचे व पंथांचे लोक बोलावून वसविले, विद्यापीठ पुन्हां उघडलें, आणि १६७३ मध्यें तर, ज्याला स्वतःच्या ज्ञातीनें बहिष्कृत केलें होतें त्या स्पिनोझा तत्त्वज्ञाला अध्यापकाची जागा देऊं केली. स्पिनोझानें ती नम्रपणें नाकारली. परंतु देणाराचें मन त्यावरून दिसतें. दुर्दैवानें याच सुज्ञ राजानें राजकारणाच्या हिशेबानें केलेली एक गोष्ट त्याच्या प्रजेस भोंवली. फ्रान्ससारख्या बलाढ्य शेजाऱ्याशीं सोयरीक असावी म्हणून त्यानें आपली मुलगी लिझेलोटे हिचा विवाह १६७१ सालीं चौदाव्या लुईच्या भावाशीं लावून दिला. १६८५ मध्यें तिचा भाऊ निपुत्रिक मरण पावला, आणि लुईनें भावजयीच्या नांवानें पॅलाटिनेटवर वारसा सांगितला. तिला स्वतःला तो नको होता. पण तिला विचारतो कोण?

१६८८ मध्यें फ्रेंच फौजा राज्यांत शिरल्या. युरोपांतील इतर सत्ता एकवटून आपल्यावर चालून येत आहेत असें पाहतांच त्यांनीं माघार घेतांना प्रदेश बेचिराख करण्याचें धोरण स्वीकारलें, हेतु हा कीं शत्रूला तेथें अन्न वा आसरा मिळूं नये. २ मार्च १६८९ रोजीं हायडेलबर्गच्या राजवाड्याला व शहराच्या कांहीं भागाला आग लावण्यांत आली. मानहाइम, स्पायर, वर्म्स या नगरांचीहि हीच गत झाली. १६९३ च्या मे महिन्यांत फ्रेंच पुन्हां आले, आणि या वेळीं काम पुरें केलें. शहर जळून खाक झालें. ज्या बुरुजाच्या भिंती सुमारें साडेसहा मीटर जाड होत्या तो सुरुंगानें उडविण्यांत आला, आणि त्याचा एक प्रचंड तुकडा अखंडच्या अखंड सुटून खंदकांत घसरला. तो आजहि तेथेंच टेकलेला आहे. या पराक्रमाप्रीत्यर्थ फ्रान्समध्यें एक पदक पाडलें गेलें, त्यावर हायडेलबर्ग नष्ट केल्याचें लॅटिन भाषेंत कोरलें होतें. या विध्वंसांतला एक सेनानी मेलाक याचें नांव पॅलाटिनेटमधील लोक पुढें कुत्र्यांना ठेवूं लागले; प्रजेची सूड घेण्याची तऱ्हा ही अशी असते. इकडे व्हर्सायच्या राजवाड्यांत लिझेलोटे आपल्या पत्रांतून शोक करीत होती, कीं माझ्याच नांवाचें निमित्त करून माझी मायभूमि जाळली जात आहे. सासर व माहेर यांच्या युद्धांत सांपडलेल्या स्त्रीचें दुःख समजावून घेण्यास मराठी वाचकाला टीकेची गरज पडणार नाहीं.

त्या आगींतून वांचलेलें एक घर मुख्य रस्त्यावर आजहि उभें आहे. धर्मच्छळामुळें परागंदा होऊन आलेल्या एका कापडव्यापाऱ्यानें तें १५९२ सालीं बांधलें. त्याच्या भोंवतालचें बाकीचें शहर अठराव्या शतकांत नव्यानें उभें राहिलें, पण जुन्या मध्ययुगीन रस्त्यांच्या आंखणीवरच. नागरिक परतले आणि आपापल्या जुन्या पायांवर त्यांनीं घरें बांधलीं. घर जळलें तरी जागेचा हक्क जळत नाहीं.

राजसत्ता मात्र परतली नाहीं, आणि त्याचें कारण शत्रु नव्हे तर एक भिंत. पवित्रात्म्याच्या मंदिरांत कॅथॉलिक व प्रॉटेस्टंट अशा दोन्ही पंथांची उपासना चाले, म्हणून १७०६ च्या सुमारास मधोमध भिंत घालून तें वांटून दिलें होतें. निर्वाचक कार्ल फिलिप यास सगळें मंदिर कॅथॉलिक पंथासाठीं हवें होतें. त्यानें भिंत पाडली. प्रॉटेस्टंट नागरिकांनीं व बाहेरच्या राजांनीं हरकत घेतली. भिंत पुन्हां घालावी लागली. रागावलेल्या राजानें १७२० सालीं राजधानीच मानहाइमला हलविली. ती भिंत पुढें १९३६ पर्यंत टिकली. कार्ल थेओडोर या त्याच्या वारसाच्या मनांत राजवाडा पुन्हां वसता करावा असें होतें. पण २४ जून १७६४ रोजीं वीज पडून उरलासुरला भागहि जळाला. मग लोक तेथील घडीव दगड घरबांधणीसाठीं नेऊं लागले, आणि राजवाड्याची खाण झाली. त्याच राजाच्या कारकीर्दींतली एक चांगली गोष्ट म्हणजे नदीवरील पूल. १७८४ च्या हिमपुरानें जुना लांकडी पूल वाहून नेला, तेव्हां त्यानें १७८६ ते १७८८ या काळांत सध्यांचा दगडी पूल बांधविला.

आतां या कथेंतला सर्वांत आश्चर्यकारक भाग. फ्रेंचांनीं मोडलेला राजवाडा राखला तो एका फ्रेंच गृहस्थानें. शार्ल द ग्रेंबेर हा राज्यक्रांतीमुळें देशत्याग केलेल्या सरदारांपैकीं एक. १८१० सालीं तो चित्रें काढण्यासाठीं हायडेलबर्गला आला आणि १८६४ मध्यें मरेपर्यंत तेथेंच राहिला. दगड नेणाऱ्यांस त्यानें अटकाव केला, अवशेषांची चित्रें काढून व छापवून तीं देशोदेशीं पसरविलीं, जुन्या वस्तु स्वतःच्या खर्चानें जमविल्या. त्याच्या संग्रहांतूनच पुढें शहराचें वस्तुसंग्रहालय उभें राहिलें. आपल्या देशबांधवांच्या पापाचें प्रायश्चित्त घ्यावें असा त्याचा हेतु होता कीं केवळ सौंदर्याची भूल त्याला पडली होती, हें ठरविण्याचें कारण नाहीं; फळ एकच. याच सुमारास आर्निम व ब्रेंटानो हे तरुण कवि येथें राहून जर्मन लोकगीतें गोळा करीत होते, इंग्रज चित्रकार टर्नर राजवाड्याचीं चित्रें रंगवीत होता, आणि पुढें १८७८ मध्यें अमेरिकन विनोदी लेखक मार्क ट्वेन येथें येऊन राहिला. मोडका राजवाडा जितका प्रसिद्ध झाला तितका तो अभंग असतांना कधींच नव्हता.

प्रसिद्धीबरोबर मोह आला. १८७१ नंतर एकवटलेल्या जर्मनींत राष्ट्राभिमानाला भरतें आलें होतें, आणि शत्रूनें मोडलेलें पुन्हां उभें करणें हा मानाचा प्रश्न वाटूं लागला. शतकाच्या अखेरीस कार्ल शेफर या वास्तुविशारदानें फ्रेडरिकचा महाल नवा केला, आणि ओटहाइनरिखच्या महालावरहि छप्पर चढवावें असा बेत निघाला. तेव्हां गेओर्ग देहिओ हा कलेतिहासकार १९०१ सालीं विरोधास उभा राहिला. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा: जुनी वास्तु हा इतिहासाचा अस्सल कागद आहे, तो फाटला असेल तर फाटका जपावा, पण त्यावर आपल्या हातानें नवीं अक्षरें भरूं नयेत. जें गेलें तें गेलें. त्याच्या जागीं आपण जें उभारूं तें आपल्या काळाचें सोंग असेल. बराच वाद माजला आणि अखेरीस देहिओचा पक्ष सरस ठरला. ओटहाइनरिखचा महाल आजहि उघड्या आकाशाखालीं उभा आहे. जुन्या वास्तूंच्या रक्षणाचा जो विचार आज सर्व जगांत मान्य झाला आहे, त्याच्या घडणींत या वादाचा मोठा वांटा आहे.

राजवाडा मोडका राहिला तरी विद्यापीठ मोडकें राहिलें नाहीं. १८०३ सालीं हें नगर बाडेनच्या राज्यांत गेलें आणि तेथील राजा कार्ल फ्रेडरिक यानें विद्यापीठाची नवी घडी बसविली. १८१६ मध्यें पोपनें नेलेल्या ग्रंथांपैकीं ८४७ जर्मन हस्तलिखितें परत आलीं. १३७ चित्रांनीं नटलेला मध्ययुगीन कवींचा जो थोर संग्रह पॅरिसला गेला होता, तो १८८८ मध्यें परतला. १८५९-६० च्या सुमारास बुन्सेन व किर्शोफ या दोघां शास्त्रज्ञांनीं ज्योतीच्या प्रकाशाचें पृथक्करण करून तींतील मूलद्रव्यें ओळखण्याची युक्ति येथेंच शोधिली. सूर्य कोणत्या द्रव्यांचा घडला आहे हें मनुष्याला नेकारच्या कांठीं बसून कळूं लागलें. १९०७ सालीं पुढें कविश्रेष्ठ म्हणून गाजलेला महंमद इक्बाल जर्मन भाषा शिकण्यासाठीं येथें राहिला. नेकारच्या सायंकाळावर त्यानें उर्दूंत एक कविताहि लिहिली आहे.

परंतु खरी परीक्षा पुढेंच होती. १९३१ सालीं अमेरिकन देणगीदारांच्या साहाय्यानें विद्यापीठाची नवी इमारत झाली. तिच्या दारावर, ही वास्तु ‘जिवंत आत्म्यास’ अर्पण आहे, अशा अर्थाचे शब्द कोरले होते. १९३३ मध्यें हिटलरची सत्ता आली आणि थोड्याच काळांत ‘जिवंत’ हा शब्द जाऊन तेथें ‘जर्मन’ हा शब्द बसला. ज्यू अध्यापक घालविले गेले. ज्याची पत्नी ज्यू होती त्या यास्पर्स तत्त्वज्ञाला १९३७ मध्यें काढून टाकण्यांत आलें. १९३८ च्या नोव्हेंबरांत ज्यूंचें प्रार्थनामंदिर जाळलें गेलें. २२ ऑक्टोबर १९४० रोजीं बाडेन व पॅलाटिनेट येथील साडेसहा हजार ज्यूंना घरांतून उचलून दक्षिण फ्रान्समधील गुर्सच्या छावणींत कोंबण्यांत आलें. त्यांपैकीं अनेकांचा शेवट पुढें मृत्युछावण्यांत झाला. परक्या पंडितांना आसरा देऊन ज्या विद्यापीठाचा जन्म झाला, त्यानें आपल्याच पंडितांना दाराबाहेर काढावें, याहून मोठा अधःपात कोणता? टिलीनें ग्रंथ नेले, मेलाकनें घरें जाळलीं. पण हें कृत्य कोणा परक्याचें नव्हतें.

दुसऱ्या महायुद्धांत मानहाइम बाँबवर्षावानें धुळीस मिळालें. हायडेलबर्ग जवळजवळ अभंग राहिलें. त्याच्या पुलाचा नाश मात्र झाला, आणि तोहि शत्रूकडून नव्हे. अमेरिकन सैन्य जवळ येतांच २९ मार्च १९४५ रोजीं माघार घेणाऱ्या जर्मन तुकडीनेंच त्याच्या कमानी उडविल्या. दुसऱ्या दिवशीं अमेरिकन शहरांत आलेच. दोनच वर्षांत, १९४७ मध्यें, नागरिकांनीं तो पूल पुन्हां होता तसा बांधला. विद्यापीठाच्या दारावरचा ‘जिवंत’ हा शब्दहि आपल्या जागीं परत आला.

युद्धोत्तर काळांत या विद्यापीठानें आपला जुना धर्म पुन्हां आचरण्यास आरंभ केला, याची एक साक्ष महाराष्ट्रांत आहे. १९६२ सालीं येथें दक्षिण आशियाच्या अभ्यासाची संस्था निघाली. तेथील अध्यापक गुंथर सोन्थायमर यानें धनगरांच्या वाड्यांतून, जेजुरीच्या यात्रांतून आणि माणदेशाच्या माळांवरून वर्षानुवर्षें भटकंती केली, धनगरी ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, आणि १९७६ मध्यें बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा या दैवतांवर जर्मन भाषेंत ग्रंथ लिहिला. १९९२ सालीं तो निवर्तला. आमच्या सुशिक्षितांनीं ज्या ओव्यांकडे फारसें लक्ष दिलें नव्हतें, त्यांचें मोल नेकारकांठच्या एका पंडितानें जाणलें. ज्या गांवचे ग्रंथ एकदां लुटले गेले त्या गांवाला दुसऱ्यांचें वाङ्मय जपण्याचें महत्त्व अधिक कळत असेल, तर तें योग्यच आहे. रोममध्यें राहिलेल्या पॅलाटाइन हस्तलिखितांचीं छायाचित्रेंहि याच शतकांत विद्यापीठाच्या ग्रंथालयानें सर्वांना वाचावयास खुलीं केलीं. ग्रंथ परत न येतां विद्या परत आली.

आरंभीं जो प्रश्न मांडला त्याचें उत्तर या नगरानें तीन प्रकारांनीं दिलें आहे. पूल लोकांच्या रोजच्या येण्याजाण्याचा; तो मोडतांच नव्यानें बांधला, आणि त्याविषयीं वाद झाला नाहीं. राजवाड्याचा उपयोग संपला होता, पण त्याची साक्ष संपली नव्हती. म्हणून तो मोडकाच राखला. तिसरी वस्तु विद्यापीठ. त्याच्या भिंती कोणीं पाडल्या नव्हत्या, छप्पर जळलें नव्हतें. तरीसुद्धां बारा वर्षें तें खंदकांत कोसळलेल्या बुरुजापेक्षांहि अधिक भंगलेलें होतें. हा भंग बाहेरून दिसत नाहीं, त्याचें चित्र काढण्यास कोणी ग्रेंबेर येत नाहीं. दगडाची जखम दगडच सांगतो. मनाची जखम मात्र माणसांनींच आठवणींत ठेवावी लागते. हायडेलबर्गच्या राजवाड्यापुढें उभें राहून सूर्यास्ताची शोभा पाहणाऱ्या प्रवाशानें, परत फिरतांना विद्यापीठाच्या दारावरील तो एक शब्दहि क्षणभर थांबून वाचावा. नगराचा इतिहास त्यावांचून पुरा होत नाहीं.